ठुशीखालची गाठ

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "डॉक्टर, अनुभव लिहा, पण जरा प्रसन्न लिहा. सणाचा अंक आहे, रोगराई नको." मी म्हटलं, मी गाठींवर लिहिणार आहे. मानेतल्या, काखेतल्या, जांघेतल्या. ते म्हणाले, "बघा बुवा." मी आयुष्यभर गाठी बघितल्या, तेव्हा लिहिणार त्यांच्यावरच. ज्यांना सणासुदीला हे वाचवणार नाही त्यांनी पानं उलटावीत, पुढे पाककृती असतील.

दुसरं म्हणजे, मी सेवा वगैरे केली नाही. भिवपुरी स्टेशनच्या रस्त्यावर माझा दवाखाना होता, मी फी घेत होते आणि काम करत होते. काम नीट केलं, एवढाच माझा दावा आहे.

आणि हे मी खरं तर माझ्या नातवंडांसाठी लिहिते आहे. मैत्री आणि नील कॅनडात वाढली. मराठी बोलतात, वाचताना मात्र आईचा हात धरावा लागतो. मध्यंतरी मैत्रीचा व्हिडिओ कॉल आला. कॅमेऱ्याला मान चिकटवून ती म्हणाली, "आजी, इथे बघ ना, गाठ आहे." मला पडद्यावर तिचा कान आणि मागचा दिवा दिसत होता. इंटरनेटवर तिने सगळं वाचलं होतं आणि तिथे जे सगळ्यात भयंकर लिहिलं होतं ते आपल्यालाच झालंय, हे तिचं ठरलं होतं. आपल्यामागे गिटार नीलला द्यायची नाही, हेही ठरवून झालं होतं. मी विचारलं, घसा दुखतो का, दात दुखतो का. म्हणाली, अक्कलदाढ येतेय आणि हिरडी सुजलीय, पण त्याचा इथे काय संबंध?

संबंध काय, ते सांगायला हा लेख. मैत्री, त्या दिवशी मी तुला एवढंच म्हटलं होतं की दाताच्या डॉक्टरकडे जा आणि ती गाठ दाबत बसू नकोस. 'दाबू नकोस' हे मी इतक्या कडक आवाजात का म्हटलं, ते नंदाची गोष्ट ऐकल्याशिवाय कळणार नाही. मानेतल्या एका गाठीवरून नंदाचं ठरलेलं लग्न मोडायला आलं होतं, आणि लग्न वाचवायच्या धडपडीत तिच्या जिवाकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

पण आधी माझ्या धंद्याबद्दल थोडं.

माझे वडील वीजकेंद्रात फिटर होते, आम्ही तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहायचो. आमच्या घराण्यात धर्मांतरानंतर शिकलेली पहिली पिढी त्यांची. कोणी काही ठामपणे सांगितलं की ते शांतपणे विचारायचे, "कशावरून?" साहेबालाही विचारायचे. मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं, पुढे डॉक्टर केलं, आणि हा एक शब्द बरोबर दिला. सगळं शरीर मी इंग्रजीतून शिकले. दवाखाना उघडला त्याच आठवड्यात एक बाई लंगडत आली आणि म्हणाली, "बाई, अवधाण आलंय." मला शब्दच माहीत नव्हता. मी तिच्याकडे आणि ती माझ्याकडे बघत राहिली. शेवटी तिने जांघेतली गाठ दाखवली आणि पायाच्या तळव्यात घुसलेला काटाही दाखवला. माझ्या जाडजूड पुस्तकात या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत होत्या. आपल्या भाषेने त्या एका शब्दात बांधून ठेवल्या होत्या.

तेव्हा असं समजा की शरीरात रक्ताखेरीज आणखी एक पातळ पाणी फिरत असतं. त्याच्या वाटेवर ठिकठिकाणी चौक्या आहेत. मान, जबड्याखाली, काख, जांघ इथे जास्त. या चौक्या म्हणजे लसिकाग्रंथी. त्या भागातून काही घाण, जंतू आला की चौकीवर अडवला जातो, तिथे मारामारी होते आणि चौकी सुजते. हाताला लागते ती ही सूज. म्हणजे गाठ जिथे आहे तिथेच रोग असेल असं नाही. गावातल्यांना मी सांगायचे, नदीला गढूळ पाणी आलं तर आपण डोहात कुदळ मारतो का? वरच्या अंगाला कोण काय करतंय ते बघतो. गाठीच्या वरच्या अंगाला बघायचं. जबड्याखाली असेल तर दात, हिरड्या, घसा. मानेच्या मागे असेल तर डोकं. शाळेतल्या मुलींच्या मानेमागे ओळीने बारीक गाठी यायच्या, आया घाबरून आणायच्या, आणि मी काही न बोलता फणी काढायचे. उवा खाजवून डोक्याला जखमा झालेल्या असायच्या. तान्ह्या बाळाच्या डाव्या काखेत गाठ आली तर मी आधी डाव्या दंडावरचा लशीचा वण बघायचे. अलीकडे करोनाच्या लशीनंतरही बायका काखेत हात घालून, रडवेल्या होऊन आल्या होत्या. बहुतेकींची गाठ काही आठवड्यांत आपोआप गेली.

शेलूच्या नव्या बिल्डिंगमधली एक नवी सून आठवते. सासू बरोबर. सुनेच्या जांघेत गाठ, पाऊल टाकवत नव्हतं, आणि लाजेने तोंडातून शब्द फुटत नव्हता. सासूने कुजबुजत मला नको नको त्या रोगांची नावं विचारली. मी सुनेचा पाय मांडीवर घेतला. बोटात घट्ट जोडवी, त्याखाली ओल राहून चांगला पू झालेला. मी साबण आणि दोरा घेऊन जोडवी उतरवायला लागले, तशी सासूने माझा हात धरला. जोडवी काढायची नसतात म्हणे, नवऱ्याच्या आयुष्याला बरं नसतं. मी म्हटलं, "नवरा बाहेर बाकावर बसलाय, वडापाव खातोय. आत बोलावून त्यालाच विचारू का, कसं वाटतंय?" जोडवी निघाली, पाय बरा झाला, गाठ गेली. नवराही माझ्या माहितीप्रमाणे ठणठणीत आहे.

पण सगळंच असं हसण्यावारी नेण्यासारखं नसतं, आणि तेही सांगायला हवं. मऊ, दुखरी, बोटाखाली सरकणारी गाठ बहुतेक वेळा जवळच्याच कुठल्या तरी जंतूची असते. जी दोन-तीन आठवड्यांत उतरत नाही, वाढत जाते, दगडासारखी कठीण लागते, जागची हलत नाही, तिच्याकडे बघावंच लागतं. गळपट्टीच्या हाडावर आली तर लगेच. बरोबर संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं असेल तर लगेच. आणि दुखत नाही म्हणून घरी बसून राहणं ही सगळ्यात वाईट चूक, कारण वाईट गाठी बऱ्याचदा दुखत नाहीत. ओळखीच्या एका शिक्षकांनी अशा गाठीवर कित्येक महिने लेप लावला. त्यांच्याबद्दल अधिक लिहीत नाही, त्यांची बायको हा अंक वाचते.

आमच्या भागातले गाठीवरचे उपाय ठरलेले. गूळ-चुना, बिब्बा आणि दाबणं. बिब्ब्याने कातडी जळते, तिथे पू होतो आणि नसलेलं अवधाण खरोखर येतं. पण त्याहून वाईट दाबणं. घरात कोणाला गाठ आली की आल्यागेल्या प्रत्येकाने ती दाबून बघायची आणि मत द्यायचं, ही आमची रीत. गाठ म्हणजे बाजारातला आंबा नव्हे. दाबून दाबून ती दुखायला लागते, मग दुखते म्हणून आणखी दाबतात.

आता नंदा.

भिवपुरीपासून आत, शेतांच्या पलीकडच्या एका गावातली. कर्जतच्या कपड्याच्या दुकानात कामाला होती, बोलायला फटकळ. तिचं लग्न खालापूरकडच्या संदेशशी ठरलं. तो मोहोपाड्याला एका कारखान्यात होता. त्याची आई लहानपणीच वारली. विधवा होऊन माहेरी आलेल्या आत्याने त्याला वाढवलं. भागीआत्या. घरात बापाचा आवाज मोठा, पण शब्द चालायचा तो आत्याचा.

साखरपुड्याच्या दिवशी नंदाला ठुशी घालायची होती. ठुशी गळ्याला घट्ट बसते, मागचा गोंडा सरकवून बेतावी लागते. भागीआत्याने ती स्वतः बांधायला घेतली. गोंडा सरकवता सरकवता तिची बोटं नंदाच्या मानेच्या बाजूला थांबली. तिने एकदा दाबलं, पुन्हा दाबलं, आणि आपल्या भावजयीला खूण केली. मग भावजय, मग मावशी, मग शेजारीण. नंदा मला पुढे म्हणाली होती, "बाई, साखर कोणी भरवली ते आठवत नाय. मान कोणी कोणी दाबली ते सगळं आठवतंय."

दुसऱ्याच दिवशी तिची आई तिला घेऊन आली. मी तपासलं. मानेच्या एका बाजूला तीन-चार गाठी एकमेकींना चिकटलेल्या, न दुखणाऱ्या. विचारल्यावर कळलं, कित्येक आठवड्यांपासून आहेत, संध्याकाळी अंग कढत लागतं, पंजाबी ड्रेस सैल झालेत. माझा संशय क्षयावर होता, ज्याला जुनी माणसं गंडमाळ म्हणतात. पण संशय म्हणजे निदान नव्हे. मी सांगितलं, सुई घालून गाठीतला थेंबभर द्रव काढायचा आणि तपासायचा. आईचा चेहरा उतरला. "नको बाई. गाठीला सुई लागली का पसरतं. आमच्या आळीत एकाला लावली, तो गेला." मी विचारलं, तो सुईने गेला कशावरून? माझ्याकडून तिला एकच हवं होतं. मुलीला काही झालेलं नाही, असं मी मुलाकडच्यांना सांगावं. मी नाही म्हटलं. ती पोरीला घेऊन उठून गेली.

पुढे नंदा एकटी आली तेव्हा मानेवर बिब्ब्याचा काळा डाग होता. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "शिव्या नंतर द्या. उद्या ते लोक येणारेत तुमच्याकडं. टेंपो केलाय."

खरंच टेंपो भरून आले. दवाखान्यात बैठक बसली. संदेशचे वडील, दोन चुलते, भागीआत्या, कोपऱ्यात मान खाली घालून संदेश, इकडून नंदा आणि तिची आई. माझे बाकीचे पेशंट जागा सोडायला तयार नव्हते, त्यांनाही ऐकायचं होतं. त्यांना मी दुपारी या म्हणून घालवलं. संदेशच्या वडिलांनी सुरुवात केली. "बाई, आमी भांडाया नाय आलो. एका शब्दात सांगा. पोरगी चांगली हाय का नाय?"

मी म्हटलं, "पोरगी चांगली आहे. तिच्या तब्येतीचं मी तिला सांगेन. तुम्हाला सांगायचं की नाही ते ती ठरवेल."

चुलत्यांमध्ये चुळबुळ झाली. कोणीतरी पुटपुटलं की म्हणजे काहीतरी आहेच. तेव्हा नंदा म्हणाली, "सांगा बाई. सगळ्यांनी दाबून झालंय, आता सगळ्यांना ऐकू दे."

म्हणून मी सांगितलं. बहुतेक गाठीचा क्षय असावा, पण सुईच्या तपासणीशिवाय छातीठोक सांगता येणार नाही. क्षय असेल आणि छाती साफ असेल तर तो श्वासाने घरात पसरत नाही. औषधाने बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा महिने न चुकता घ्यावं लागतं. संदेशचे वडील ऐकून घेत होते, पण मनात एकच अडकलं होतं. "ते झालं. पण निरोगी माणसाच्या मानेत गाठ असती का कधी?"

याच्यावर व्याख्यान देण्यात अर्थ नव्हता. मी उठले, हात धुतले आणि म्हटलं, "बघू या. एकेक जण पुढे या."

पहिला बळी ते स्वतः. त्यांच्या जबड्याखाली जुनी, वाटाण्याएवढी. आयुष्यभर अनवाणी चिखलात राबलेला माणूस, जांघेतही नक्की असणार, पण ते मी चारचौघांत बघणार नाही, असं मी सांगितलं तेव्हा चुलते पहिल्यांदा हसले. मग त्यांची पाळी आली आणि हसू थांबलं. एकाच्या कानामागे, केस कापताना झालेल्या जखमेची. संदेशच्या जबड्याखाली चांगली टणटणीत, दुखरी. तोंड उघडायला लावलं तर मागची दाढ पार किडलेली. नंदा म्हणाली, "आता आमच्याकडच्यांनी पण दाबून घ्यावं म्हणते." संदेश लाल झाला, पण हसला.

राहिली भागीआत्या. तिने पदर दोन्ही हातांनी हनुवटीखाली घट्ट आवळला होता. "माझं काय बघायचं. मी म्हातारी." आवाज ओढल्यासारखा येत होता. मी तिच्याकडे नीट बघितलं आणि पुरुषांना समोरच्या टपरीवर चहाला पाठवलं.

ती उठली नाही, पदरही सोडला नाही. मी म्हटलं, इथे कोणाला जबरदस्तीने तपासत नाहीत. मग नंदा तिच्या शेजारी जाऊन बसली, पण हात लावला नाही. "आत्या, माझी तुमी दाबली. मी तुमची दाबणार नाय. बाईंना दाखवा."

आत्याने पदर सोडला. उजव्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ. कठीण, जागची न हलणारी, न दुखणारी. मी तोंडात दिवा धरला. आयुष्यभर मशेरी लावलेली. गालाच्या आत न भरणारी जखम होती.

"कधीपासून?"

"पेरणीच्या आदीपासून." ती माझ्याकडे बघत नव्हती. "रोज चूल पेटवली का हात जातो. बोटाला सवयच लागली. पोरीच्या मानेला हात लागला न् बोटानं वळखलं. मला वाटलं, हिला बी तेच. पोराची आई गेली, मी बी चालले. आता बायको बी तशीच आणू का त्याला?"

मैत्री, त्या खोलीत तोपर्यंत मी आत्याला खलनायिका ठरवून मोकळी झाले होते. आणि ती इतके दिवस एकटीने, कोणाला न सांगता मरत होती. स्वतःची गाठ दाबून दाबून तिच्या बोटांना दुसरं काही कळेनासं झालं होतं. काळजी माणसाला असंच करते. आपली गाठ दाखवायची नाही आणि दुसऱ्याची शोधत फिरायचं.

मी तिला सरळ सांगितलं. नंदाची आणि तुमची गाठ वेगळी आहे. तुमचं काय आहे ते तपासल्याशिवाय मी सांगणार नाही, पण वेळ घालवण्यासारखी ही गाठ नाही. तिने मान हलवली. "सुई लागली का पसरतं."

"मग आदी मला लावू द्या," नंदा म्हणाली. "मला पसरलं तं तुमी नका लावू."

नंदाची आई कळवळून म्हणाली, "काय बोलतेस गं." नंदाने तिच्याकडे बघितलंही नाही. शास्त्राच्या कसोटीवर या युक्तिवादात काही दम नव्हता. एकीला सुई टोचून दुसरीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. माझ्या वडिलांनी 'कशावरून?' विचारलंच असतं. मी मात्र तोंड बंद ठेवलं.

त्या आठवड्यात आम्ही तिघी मोठ्या रुग्णालयात गेलो. त्याच टेंपोने. नंदा आधी टेबलावर गेली. दोन मिनिटांचं काम. उठली, मान चोळली आणि बाहेर येऊन म्हणाली, "डास चावल्यागत. आत्या, उठा." आत्याने तिच्या मानेकडे बराच वेळ बघितलं, पदर खोचला आणि आत गेली.

नंदाचा क्षयच निघाला, छाती साफ होती. आत्याच्या गालातल्या जखमेचा तुकडा तपासला. कर्करोग. मुंबईत शस्त्रक्रिया ठरली, पण तारखेला अवकाश होता.

लग्नाचं काय? संदेशच्या वडिलांनी 'जरा दमानं घेऊ' असा शब्द टाकला. आमच्याकडे त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. नंदाने त्यांना दुकानाच्या दारात उभं राहून सांगितलं, "लग्न औषध संपल्यावर. पण मोडायचं असेल तं आज सांगा. मी कोणाची वाट बघत बसणार नाय." वडील संदेशकडे बघायला लागले. संदेश म्हणाला, "मला बी दाढ काढायचीय. तवर थांबतो." माझ्या कानावर आलेलं त्याचं हे सगळ्यात लांब वाक्य.

आणि मग औषधाच्या दुसऱ्या महिन्यात नंदाची गाठ वाढली.

हे होतं. क्षयाचं औषध सुरू झालं की काहींच्या गाठी आधी फुगतात, मग उतरतात. मी नंदाला हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. पण गावाला कोण सांगणार? सुई लागली आणि पसरलं, ही बातमी खालापूरपर्यंत पोचली. आत्याने निरोप धाडला, मी मुंबईला जात नाय. नंदाच्या आईने औषध बंद करायचा घाट घातला. माझ्या दवाखान्यात येऊन चार शहाण्यांनी मला ऐकवलं की बाई शिकलेल्या आहेत, पण अनुभव वेगळा असतो. मी त्यांना त्यांच्या अनुभवासह बाहेर काढलं. पण आत्याला बाहेर काढून चालणार नव्हतं, तिला आत न्यायचं होतं, आणि ते माझ्या हातात नव्हतं.

ते नंदाने केलं. लग्न न झालेली मुलगी होणाऱ्या सासरी एकटी जात नाही. ही गेली. ओढणी घरी ठेवून, उघड्या मानेने, भर दुपारी, गावाच्या मधल्या रस्त्याने. लोक ओट्यांवरून बघत होते, ते त्यांनी बघावं म्हणूनच गेली. आत्यासमोर बसून म्हणाली, "वाढलीय. बाईंनी आदीच सांगितलं होतं, वाढेल म्हणून. बाईंनी सांगितलं तसंच चाललंय. तुमी मुंबईला जा. मी औषध घेते, तुमी कापून घ्या."

आत्याने विचारलं, "न् पसरलं तं?"

"पसरलं तं मी हाय ना. पसरायच्या आदी मेलात तं माझी ठुशी कोण बांधणार?"

आत्या गेली. जबड्याचा एक भाग आणि मानेतल्या गाठी काढाव्या लागल्या, पुढे किरणांचे शेक द्यावे लागले. ते सोपं नव्हतं आणि मी सोपं होतं असं लिहिणार नाही. भागीआत्या अजून आहे. भात मऊ करून खाते, बोलणं अर्धं कळतं, आणि भांडण पूर्वीइतकंच चालतं. आधी आली असती तर कमी कापावं लागलं असतं. त्याची चुटपुट मला आहे. पण त्याचा दोष मी तिच्या भीतीला देते, तिला नाही.

नंदाच्या गाठी चौथ्या महिन्यापासून उतरत गेल्या. आणि मैत्री, तुझी दाढेचीच होती हे आता आपल्या दोघींना माहीत आहे. दाढ गेली, गाठ गेली, गिटार तुझ्याकडेच राहिली. पुढच्या वेळी काही हाताला लागलं तर इंटरनेटला विचार, हरकत नाही, पण कशावरून हेही विचार. मग हात खाली घे आणि डॉक्टरला दाखव.

औषध संपल्यावर लग्न झालं. मी गेले होते. हळद उतरवून नंदाला बसवलं, भागीआत्या पुढे आली, ठुशी घेतली आणि मागचा गोंडा सरकवायला लागली. मी बघत होते. बोटं मानेच्या बाजूला क्षणभर थांबलीच. क्षय बरा झाला तरी एखादी बारीक गाठ कधी कधी उरते, ती निरुपद्रवी असते. आत्याने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या त्या अर्ध्या जबड्यातून म्हणाली, "हाय अजून, वाटाण्याएवढी. राहू दे." आणि गोंडा वर सरकवला.

शेजारी संदेशच्या नात्यातली एक बाई बसली होती. साखरपुड्यालाही ती होती. "बघू गं," म्हणत तिने नंदाच्या मानेकडे हात नेला. आत्याने तो हात मध्येच धरला. दुसऱ्या हाताने स्वतःचा पदर खाली ओढला, टाक्यांचा लांब वण आणि खोल गेलेला गाल सगळ्या मांडवासमोर उघडा केला, आणि तो धरलेला हात तिथे आणून ठेवला.

"दाबायचं तं माझं दाब," ती म्हणाली.